एकाच एलपीच्या तीन प्रती: आधीची कोणती, नंतरची कोणती, हे कसं ओळखायचं?

तबकडीप्रेमी
ख्यालगायनाचा एचएमव्हीचा एक एलपी सध्या पुण्यात तीन ठिकाणी विकायला आहे. तिन्ही प्रतींवर ईएएलपीने सुरू होणारा एकच कॅटलॉग नंबर आहे, पण बाकी तपशील जुळत नाहीत.

अ : कव्हरच्या पाठीवर कंपनीच्या नावात "(प्रायव्हेट) लिमिटेड". पत्त्यात कलकत्त्यापुढे फक्त २८. लेबलवर साल नाही. आतल्या मोकळ्या पट्टीत मॅट्रिक्स नंबरच्या (कारखान्याने चकतीवर कोरलेला क्रमांक) शेवटी १.
ब : "प्रायव्हेट" गायब. पत्त्यात ७०० ०२८. लेबलवर वर्तुळातला पी आणि त्यापुढे १९६६. मॅट्रिक्सच्या शेवटी १.
क : कव्हर हुबेहूब अ सारखं. लेबलवर मात्र ब सारखा वर्तुळातला पी आणि १९६६. मॅट्रिक्सच्या शेवटी २.

विक्रेते तिन्ही प्रतींना "ओरिजिनल फर्स्ट प्रेस" म्हणतात. क्रम कसा लावायचा आणि घ्यायची कोणती? नुसतं "अ घ्या" नको, कारणासकट सांगा.

पेठकर
कॅटलॉग नंबरवरून प्रेसिंग, म्हणजे कितव्या खेपेची छपाई, ते कळत नाही, हे आधी पक्कं करा. तो नंबर दुकानदाराला मागणी नोंदवण्यासाठी असतो. एलपी वीस वर्षं छापला गेला तरी नंबर तोच राहू शकतो. तबकडीची खरी ओळख लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीत, म्हणजे डेडवॅक्समध्ये असते. मी नेहमी आधी डेडवॅक्स, मग लेबल आणि सगळ्यात शेवटी कव्हर बघतो. बाजारात बहुतेक जण नेमका उलटा क्रम धरतात, आणि फसवणूक तिथेच होते. कव्हर बदलायला दोन सेकंद पुरतात.

खाचखळगे
पेठकरांना अनुमोदन. डेडवॅक्समधला मॅट्रिक्स नंबर तिथे येतो कसा, तेही लिहितो, म्हणजे १ आणि २ चा अर्थ लागेल.

टेपवरून आधी लॅकरच्या चकतीवर खाच कापली जाते. लॅकरवर चांदीचा पातळ थर देऊन निकेल चढवतात. ते सोलून काढलं की उलटी प्रत मिळते, तिला फादर म्हणतात. फादरपासून सुलटी मदर आणि मदरपासून उलटा स्टॅम्पर. हा स्टॅम्पर प्रेसमध्ये बसवून तबकड्या छापतात. स्टॅम्पर झिजला की त्याच मदरपासून दुसरा निघतो, मदर खराब झाली की फादरपासून दुसरी मदर काढतात. सगळेच भाग निकामी झाले, किंवा आवाजात काही बदल करायचा असला, तर टेप पुन्हा काढून नवं लॅकर कापावं लागतं आणि शेवटचा आकडा बदलतो.

म्हणून अ आणि ब चं कटिंग एकच आहे आणि क चं वेगळं. अ आणि ब मध्ये स्टॅम्परचा फरक असू शकतो, पण खाच तीच.

नवखा_श्रोता
७८ च्या तबकड्यांवरही शेवटी १, २ असतात. तिथेही हाच अर्थ का?

खाचखळगे
नाही, आणि हा फरक मोठा आहे. ७८ च्या काळात गाणं थेट मेणाच्या चकतीवर कापलं जायचं. तिथला शेवटचा आकडा साधारणपणे "टेक" चा असतो. १ आणि २ या दोन वेगळ्या वेळच्या गायकी असतात, ताना वेगळ्या, कधी शब्दही वेगळे. एलपीवर १ आणि २ म्हणजे एकाच टेपची दोन कटिंग्ज. म्हणून ७८ मध्ये एकाच कॅटलॉग नंबरखाली दोन टेक सापडले तर दोन्ही घ्यायचे.

सनावळी
आता सालांकडे वळू. भारतीय एलपीवर छपाईचं साल सहसा नसतं. पण चार खुणा अशा आहेत की त्यावरून "याच्या आधीची नाही" किंवा "बहुधा याच्या नंतरची नाही" एवढं खात्रीने सांगता येतं.

पहिली, पिनकोड. सहा आकडी पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याआधी मोठ्या शहरांत विभागाचा आकडा असायचा. एचएमव्हीचा डमडमचा कारखाना जेसोर रोडवर, म्हणून कलकत्ता-२८, आणि तोच पुढे ७०० ०२८ झाला. ब चं कव्हर ऑगस्ट १९७२ नंतरचंच.

दुसरी, वर्तुळातला पी. ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं हे चिन्ह १९६१ च्या रोम करारातून आलं. त्यापुढचं साल हे मुद्रण पहिल्यांदा प्रसिद्ध झालं त्याचं असतं, तबकडी छापल्याचं नव्हे. सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. वर्तुळातला पी आणि १९६६ एकत्र दिसले म्हणून ती तबकडी १९६६ चीच, असं समजू नका. ते लेबल १९६६ च्या आधी छापलं गेलेलं नाही, एवढंच त्यावरून कळतं.

तिसरी, "प्रायव्हेट". एचएमव्हीचे एलपी काढणारी ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया १९६८ मध्ये पब्लिक लिमिटेड झाली. प्रायव्हेट असलेला मजकूर त्याआधी जुळवलेला.

चौथी, कंपनीचं नाव. याच कंपनीचं सारेगामा हे नाव २००० सालचं. ते नाव किंवा बारकोड असलेलं कव्हर सरळ नव्या पुनर्मुद्रणात टाका.

पेठकर
सनावळी, तिसऱ्या खुणेला थोडी मुरड घाला. छापून ठेवलेली कव्हरं आणि लेबलं संपेपर्यंत वापरली जातात. १९६८ नंतरही काही काळ जुनं कव्हर बाहेर पडत राहणं अगदी शक्य आहे. नवी खूण दिसली तर तारीख पुढे ढकलायची. जुनी खूण दिसली म्हणून लगेच मागे न्यायची नाही.

सनावळी
मान्य. म्हणूनच "मजकूर जुळवलेला" असं लिहिलं, "तबकडी छापलेली" नव्हे.

भिंगवाली
डेडवॅक्स वाचायचा कसा, हे कुणी लिहिलंच नाही. वरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही. छोटा टॉर्च तबकडीला जवळजवळ समांतर धरा, पट्टीच्या पातळीपासून दहा-पंधरा अंशांवर, आणि तबकडी हळूहळू फिरवा. कोरलेली अक्षरं एका ठरावीक कोनात लख्ख उठतात. दहा पटीचं भिंग पुरतं. मोबाइलने फोटो काढायचा तर फ्लॅश बंद ठेवून बाजूने टॉर्च मारा.

नोंद करताना पट्टीतलं सगळं लिहा : ठशाने उमटवलेलं कुठलं, हाताने कोरलेलं कुठलं, घड्याळाच्या कुठल्या आकड्यापाशी आहे. पट्टीतला मॅट्रिक्स नंबर सहा वाजता धरायचा. सुटं अक्षर किंवा एकटा आकडाही सोडू नका, तो मदरचा किंवा स्टॅम्परचा असू शकतो. ७८ च्या तबकड्यांवर नंबर कधीकधी लेबलच्या कागदाखाली दबलेला असतो, तोही तिरप्या उजेडात उठावासारखा वाचता येतो. पेन्सिल घासायला जाऊ नका, लेबल कायमचं खराब होतं.

विलायती_बाजा
इंग्लंडच्या ईएमआयची (एचएमव्हीची मूळ कंपनी) स्टॅम्पर मोजायची खास पद्धत होती. ग्रामोफोन लिमिटेड या नावातली दहा अक्षरं, जी आर ए एम ओ पी एच एल टी डी, ओळीने १ ते ९ आणि शेवटचं डी म्हणजे ०. जी दिसलं तर पहिला स्टॅम्पर, आर ए दिसलं तर तेविसावा. ही अक्षरं तीन वाजता आणि मदरचा आकडा नऊ वाजता. पण हे हेजच्या कारखान्याचं गणित आहे, डमडमच्या प्रत्येक तबकडीला लावू नका.

पाश्चात्त्य संगीताच्या भारतीय प्रतींवर मॅट्रिक्सच्या सुरुवातीला एक्सईएक्स (मोनो) किंवा वायईएक्स (स्टिरिओ) दिसलं, तर कटिंग तिकडचं आणि छपाई इकडची. परदेशी संग्राहक अशा प्रती शोधत असतात, आपल्याकडे त्या अजून ढिगात पडलेल्या असतात.

मोनोवादी
मॅट्रिक्स वाचता येत नसेल, घासला गेला असेल, तर पट्टीने मोजा. मधल्या भोकाच्या केंद्रापासून शेवटच्या वाजणाऱ्या खाचेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या. दोन रागांमधल्या रिकाम्या पट्ट्या कुठे येतात तेही. एकाच कटिंगच्या प्रतींमध्ये ही अंतरं अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळतात. नव्या कटिंगमध्ये खाचा किती दाट बसवायच्या हे नव्याने ठरतं, त्यामुळे अंतर बहुतेक वेळा बदलतं. पुनर्मुद्रणं ओळखायला याहून सोपी कसोटी नाही.

आणि "स्टिरिओ" छापलं म्हणून विश्वास ठेवू नका. मूळ मोनो मुद्रणावर विजेच्या करामती करून काढलेले नकली स्टिरिओ एलपी पुष्कळ आहेत. कसोटी अशी : तबकडी संगणकावर उतरवा, ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये डावा आणि उजवा ट्रॅक वेगळे करा, एक उलटा करा, दोन्ही मोनो करून मिसळा. शुद्ध मोनो असेल तर गाणं जवळजवळ नाहीसं होतं, नुसता खरखराट उरतो. खऱ्या स्टिरिओत मधला आवाज जातो, कडेची वाद्यं राहतात. नकली स्टिरिओत सगळंच अर्धवट, फुटक्या आवाजात उरतं.

पेठकर
तबकडीप्रेमींच्या प्रतीला हे लागू नाही. ईएएलपी म्हणजे शास्त्रीय संगीताचा मोनो एलपी, स्टिरिओचा ईएएसडी. सुगम आणि इतर संगीताला ईसीएलपी आणि ईसीएसडी. चित्रपटांसाठी ओडियनचा एमओसीई, एंजलचा थ्री-एईएक्स, पॉलिडोरचा २३९२.

शेलॅक_शिंदे
धागा एलपीचा आहे, पण ७८ वाल्यांनाही थोडी जागा द्या, खुणांची खरी मौज तिथेच आहे.

लेखणीने चकतीवर लिहिणारा देवदूत आणि "रिप्रोड्यूस्ड इन हॅनोव्हर" दिसलं, तर ती तबकडी जर्मनीत छापलेली. भारतातलं मुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात सुरू झालं, पण छपाई १९०८ मध्ये सियालदहचा कारखाना सुरू होईपर्यंत हॅनोव्हरला. या तबकड्या एकाच बाजूला वाजतात. शेवटी गायिका स्वतःचं नाव मोठ्याने सांगते. ते जर्मन कामगारांना लेबल बरोबर लावता यावं म्हणून. तेव्हा विकत घेताना शेवटचे दहा सेकंद वाजवून बघा, शेवटच्या खाचा खराब असतील तर नावच ऐकू येत नाही. डमडमचा कारखाना १९२८ चा.

एचएमव्हीच्या मॅट्रिक्सनंतर छोटा त्रिकोण असेल तर वेस्टर्न इलेक्ट्रिकची मुद्रणपद्धत, चौकोन असेल तर कंपनीची स्वतःची, १९३१ पासूनची. दोन्ही नसतील आणि आवाज भोंग्यातून आल्यासारखा असेल तर बहुधा विजेच्या आधीचं मुद्रण. कोलंबियावर वर्तुळातला डब्ल्यू आणि वर्तुळातला सी, क्रम तोच.

अब्दुल करीम खाँसाहेबांची उदाहरणं मुद्दाम अभ्यासा. १९०५ च्या सुमाराची एका बाजूची मुद्रणं वेगळी. १९३४ नंतर ओडियनसाठी झालेली वेगळी. आणि त्याच ओडियनच्या मुद्रणांच्या तबकड्या पुढे कोलंबियाच्या लेबलवर निघाल्या. कोलंबियाची प्रत दिसली की "हे दुसरं मुद्रण" असं समजून दुप्पट पैसे देणारे भेटतात. मॅट्रिक्स जुळवा, मग पैसे द्या.

नवखा_श्रोता
७८ च्या तबकड्या एलपीच्याच सुईने वाजवल्या तर चालतं का?

शेलॅक_शिंदे
नाही! ७८ ची खाच रुंद. तिला साधारण ७६ मायक्रॉनची, म्हणजे तीन मिलची सुई लागते. मोनो एलपीची २५ मायक्रॉन, स्टिरिओची १८ च्या आसपास. बारीक सुई खाचेच्या तळाशी घसरते आणि तिथला सगळा कचरा वाजवते. वजन ७८ ला चार-पाच ग्रॅम. आणि जुन्या चावीच्या फोनोच्या पोलादी सुईखाली एलपी ठेवणं म्हणजे तो एका फेरीत संपवणं.

मोनोवादी
त्यात भर. फोनोच्या अॅम्प्लिफायरमधलं आरआयएए समीकरण (खर्ज आणि वरचे सूर मुद्रणाच्या प्रमाणात परत आणणारं) १९५४ च्या आसपासचं. एचएमव्हीच्या विजेवर मुद्रित ७८ ना खर्जाचा टप्पा २५० हर्ट्झला आणि वर सपाट असं समीकरण जवळचं पडतं. आरआयएएवर वाजवल्या की दबलेल्या वाटतात आणि लोक प्रेसिंगला दोष देतात.

वेगही तपासा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्ट्रोब चकतीवर (वेग तपासायची रेघांची चकती) ७८ साठी ७७ रेघा, ३३ साठी १८० रेघांची पट्टी. उजेड निऑन दिव्याचा घ्या, बऱ्याच एलईडी दिव्यांत रेघा स्थिर दिसत नाहीत.

सुरेल_सदाशिव
मूळ प्रश्नावर माझं मत वेगळं आहे. मी पहिल्या छपाईमागे धावणं मानत नाही. अ ही पहिली असेलही, पण तिचा आवाज चांगलाच असेल याची हमी काय? स्टॅम्पर कितव्या छपाईला होता हे अ वरून कळत नाही. शेवटच्या शेदोनशे प्रतींतली असेल तर तंबोऱ्याची जवारी बोथट होते. नव्या स्टॅम्परवरची ब त्याहून सरस वाजू शकते.

पेठकर
ब च्या काळातलं प्लॅस्टिक विसरलात. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले. परत वितळवलेला माल मिसळलेल्या तबकड्यांत शांत आलापीच्या मागे बारीक टकटक येत राहते. ती धुऊन जात नाही, ती मालातच असते.

सुरेल_सदाशिव
म्हणूनच ऐकून घ्या म्हणतो. साल बघून नव्हे.

पेठकर
जुन्या बाजारात रविवारी कुठे ऐकणार? तिथे डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

भिंगवाली
मग डोळ्यांचंच सांगते, दोन मिनिटांत होतं. तबकडी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून वाक बघा. मग टॉर्च. चकचकीत काळी खाच चांगली. राखाडी झाक, विशेषतः लेबलजवळच्या खाचांत, म्हणजे जड पिकअपने (सुईच्या दांड्याने) घासलेली. ती धुऊन सुधारत नाही. नखाला लागणारा ओरखडा वाजतोच, नुसता दिसणारा बऱ्याचदा वाजत नाही. भोकाभोवती लेबलवर राखाडी जाळं असेल तर पुष्कळ वाजलेली.

भोक मधोमध आहे का तेही बघा. शेवटच्या खाचेपासून लेबलपर्यंतची मोकळी पट्टी एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद दिसली तर संशय घ्या. भोक अर्धा मिलिमीटर सरकलं तर केंद्रापासून १०० मिलिमीटरवर वेगात अर्धा टक्का चढउतार होतो, ६० मिलिमीटरवर ०.८ टक्क्यांच्या वर. दर १.८ सेकंदांनी षड्ज हलतो. द्रुत तराण्यात चालून जाईल, विलंबितातल्या लांब सुरात असह्य होतं.

पावसाळी_पुणेकर
पावसाळा तोंडावर आहे म्हणून बुरशीचं सांगून ठेवा कुणीतरी.

भिंगवाली
आधी गच्चीत किंवा बाहेर, तोंडाला मास्क लावून, मऊ कोरड्या ब्रशने झटका. घरात झटकलीत तर शेजारच्या पन्नास तबकड्यांना लावाल. एलपीसाठी ८०० मिली डिस्टिल्ड पाणी, २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि साध्या भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. खाचेच्या दिशेने गोल पुसा, आडवं कधीच नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा. लेबल कोरडं ठेवा. सावलीत उभी वाळवा, उन्हात नको.

७८ ला अल्कोहोलचा थेंबही नको. लाखेला अल्कोहोल विरघळवतं, खाचा पुसल्या जातात. तिथे फक्त पाणी आणि लिक्विडचा एक थेंब, भिजत न ठेवता, लगेच पुसायची.

आतली जुनी कागदी पिशवी फेकून द्या, बुरशी तिथेच दडते. पण तिच्यावर कॅटलॉगच्या जाहिराती छापल्या असतील तर वेगळ्या पाकिटात ठेवा, तबकडीचा काळ ठरवायला उपयोगी पडते. नवी पिशवी पॉलिथिनची. पीव्हीसीची नको, तिने तबकडीवर दुधी धुकं चढतं. रविवार पेठेत बोहरी आळीत हव्या त्या मापाच्या मिळतात, एलपीला साडेबारा इंची मागा. तबकड्या उभ्याच ठेवा, आडवी चळत नको.

सनावळी
फिरून मूळ तीन प्रतींवर येतो. वर आलेलं सगळं लावून माझं वाचन असं.

अ : कव्हर १९६८ पर्यंतच्या मजकुराचं, लेबलवर वर्तुळातला पी नाही, पहिलं कटिंग. तिघींत सगळ्यात जुनी बहुधा हीच.
ब : कव्हर १९७२ नंतरचं, लेबल १९६६ किंवा त्यानंतरचं. एकमेकांशी सुसंगत. कटिंग मात्र अ चंच.
क : लेबल १९६६ किंवा त्यानंतरचं, कटिंग दुसरं, कव्हर अ च्या काळातलं. एकतर लेबल आणि कव्हर एकाच काळातली, नाहीतर कंपनीने उरलेलं कव्हर वापरलं, किंवा कुणीतरी नंतर जोडी लावली. कव्हरच्या आत बघा. तबकडीच्या कडेची गोल खूण कागदावर उमटलेली असते. ती या तबकडीवरच्या झिजेशी, वाकाशी जुळते का ते तपासा.

"फर्स्ट प्रेस" हा शब्द अ ला लावता येईल, तोही सावधपणे. "पहिल्या कटिंगची सुरुवातीची प्रत" असं लिहिलं तर कुणी खोडू शकत नाही.

खाचखळगे
नोंदवहीत हे तीन रकाने वेगळेच ठेवा : कटिंग, लेबल, कव्हर. एकाच रकान्यात साल लिहिलं की क सारख्या प्रतीचं काय करायचं हे कळत नाही. आणि पुराव्याशिवाय सालापुढे प्रश्नचिन्ह.

चित्रपटसंगीताच्या तबकड्या असतील तर लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात तबकड्यांचाही संग्रह आहे. मुंबईची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स १९९० पासून हेच काम करते आहे, त्यांचे जुने अंक मिळाले तर सोडू नका.

तबकडीप्रेमी
सगळ्यांचे मनापासून आभार. आज तिन्ही प्रती टॉर्चखाली पाहिल्या. अ : दुसऱ्या बाजूला लेबलजवळच्या दोन बोटं रुंदीच्या खाचा राखाडी. ब : चकचकीत, भोक मधोमध, नखाला लागेल असं काही नाही. क : कव्हरमधली गोल खूण तबकडीशी जुळत नाही, शेवटच्या खाचेचं अंतर अ पेक्षा तीन मिलिमीटर कमी. अ ची किंमत ब च्या चौपट सांगतात.

सुरेल_सदाशिव
ब घ्या. खाच अ चीच आहे आणि ती शाबूत आहे.

पेठकर
ऐकायला ब, यात माझंही दुमत नाही. पण अ ची पहिली बाजू स्वच्छ असेल आणि भाव निम्म्यावर आला तर तीही सोडू नका. पहिल्या बाजूची दोन्हींची फाइल २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर उतरवून शेजारी ठेवा, आणि माल कुठला शांत आहे ते इथेच लिहा. तेवढ्यावर सदाशिवांचा आणि माझा वाद मिटेल.

सुरेल_सदाशिव
मंजूर. फक्त दोन्ही वेळा सुई आणि वजन तेच ठेवा, आणि उतरवण्याआधी दोन्ही एकाच मिश्रणाने धुवा.